वादाचा विषय माईकवर आणताना: गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या पॉडकास्टची तयारी

चार विद्यार्थी, खिशातले फोन, एक लॅपटॉप आणि साधारण चार आठवडे. सामाजिक विषयावरचा वीस मिनिटांचा पहिला भाग एवढ्या भांडवलावर होतो. यंत्रांचं काम दोन दुपारींत शिकता येतं. जड जातो तो विषय. खाण, कसिनो, कोमुनिदादची (गावकीच्या सामाईक मालकीची) जमीन, भाडेकरू, मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं) घर यांपैकी काहीही काढा, गोव्यात समोरचा माणूस ओळखीचाच निघतो. कुणाचा मामा, कुणाचा भाटकार म्हणजे जमीनमालक, कुणाच्या वाड्याचा पंच. आज माईकवर बोललेलं उद्या तिठ्यावर ऐकू येतं. त्यामुळे इथे आदराने बोलणं हे 'कृपया' आणि 'आपण' यांवर भागत नाही. तो आदर प्रश्न लिहिताना, पाहुणे बोलावताना आणि सगळ्यात जास्त, रेकॉर्डिंग कापताना दिसतो. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

कामं वाटून घ्या

एक जण बोलणार, एक जण माहिती तपासणार, एक जण आवाज सांभाळणार आणि एक जण कापणार. माहिती तपासणारा आणि कापणारा एकच नको. पाच तास हेडफोन लावून बसलेल्या माणसाचा एखाद्या झणझणीत वाक्यावर जीव जडतो आणि ते खोटं असलं तरी काढवत नाही. गटाबाहेरचा एक शिक्षक किंवा ग्रंथपाल असा ठेवा, ज्याला प्रसिद्ध करण्यापूर्वी पूर्ण भाग ऐकवायचाच. त्यांनी मध्ये लुडबूड करायची नाही, फक्त शेवटी ऐकायचं.

विषय बारीक करा

'पर्यटनाचे परिणाम' हा विषय नव्हे, तो निबंधाचा मथळा आहे. त्यावर बोलावलेला प्रत्येक जण तीच चार वाक्यं म्हणेल. 'शनिवारी रात्री दहानंतर आमच्या वाड्यात वाजणारं संगीत' हा विषय झाला. त्याला जागा आहे, वेळ आहे, माणसं आहेत आणि कागदही आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी, आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. इथे एक सावधगिरी. फोनमधल्या आवाज मोजणाऱ्या अॅपचा आकडा पुरावा म्हणून सांगू नका. फोनचा माईक प्रमाणित केलेला नसतो, दोन फोन शेजारी ठेवले तर दोन आकडे दाखवतात. 'आमच्या फोनवर नव्वद आलं' हे वाक्य कुणीही सहज खोडून काढील आणि त्यासोबत तुमचा खरा मुद्दाही जाईल.

विषय पक्का करण्याआधी तीन गोष्टी बघा. कदंबा बसच्या एका फेरीत तिथे जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येतं का? त्या एकाच गोष्टीचा तीन वेगळ्या माणसांना तीन वेगळ्या तऱ्हेने फरक पडतो का? त्यावर एखादा नियम, निवाडा, ग्रामसभेचा ठराव असं काही लिखित सापडतं का? तिन्हींना 'हो' आलं तर पुढे चला.

पहिल्या भागाला काही विषय टाळलेलेच बरे: कोर्टात चालू असलेलं गावातलं प्रकरण, देवस्थानच्या महाजनांचा तंटा, स्वतःच्याच कॉलेजात घडलेली घटना आणि कोंकणी-मराठी भाषावाद. भाषेचा विषय महत्त्वाचा आहे, पण १९८७ च्या राजभाषा कायद्याभोवती दोन्ही बाजूंच्या घरांत अजून दुखऱ्या आठवणी आहेत. वीस मिनिटांत आणि नवख्या हातांनी त्याला न्याय मिळत नाही. सात-आठ भाग करून हात बसला की घ्या.

आधी वाचा, मग फोन करा

एक वही करा आणि पानाचे तीन उभे भाग पाडा: 'पक्कं', 'लोक म्हणतात' आणि 'विचारायचं'. पहिल्या भागात फक्त कायदा, निवाडा, अधिकृत अहवाल किंवा राजपत्रातली गोष्ट जाईल. वर्तमानपत्रातली बातमी दुसऱ्या भागात, तिचा मूळ कागद मिळेपर्यंत.

खाणींचं उदाहरण घ्या. गप्पांमध्ये लोक नुसतं 'बंदी पडली तेव्हा' म्हणतात, आणि बंदी दोनदा पडली आहे. एक २०१२ ची, जी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अटी घालून उठवली. दुसरी फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्याने आली. त्यात ८८ लिजा (खाणपट्टे) रद्द झाल्या आणि १६ मार्च २०१८ पासून काम थांबलं. डिचोली किंवा सांग्यात ट्रकवाल्याशी बोलताना 'काका, बाराची की अठराची?' एवढं विचारता आलं, की तो माणूस खुर्चीत सावरून बसतो. समोरचा गृहपाठ करून आला आहे हे त्याला कळतं. आदराची ही सगळ्यात स्वस्त पद्धत आहे आणि सगळ्यात कमी वापरली जाते.

पंचायतीकडून किंवा खात्याकडून आकडा हवा असेल तर माहिती हक्काचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. उत्तराला कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे, म्हणजे चार आठवड्यांहून जास्त; आकडा लागणारच असेल तर प्रसिद्धीची तारीख त्या हिशेबाने पुढे धरा. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी अर्ज टाकणाऱ्या गटाला 'खात्याने उत्तर दिलं नाही' असं म्हणण्याचा हक्क नाही.

पाहुणे: दोन नकोत, तीन हवेत

एक बाजूचा, एक विरोधातला असे दोघं समोरासमोर बसवले की धिरयो (बैलांची झुंज) सुरू होतो. ऐकायला मजा येते, कळत काहीच नाही. त्याऐवजी तीन माणसं घ्या आणि पहिल्या भागासाठी तिघांशी वेगवेगळं बोला. रात्रीच्या आवाजाच्या विषयात ती तीन अशी असतील: वाड्यात राहणारं कुटुंब, त्या जागेत पाळी करणारा कामगार आणि परवाना किंवा तक्रार हाताळणारं कुणीतरी, म्हणजे पंच किंवा सचिव. कामगार बिहारचा किंवा कर्नाटकचा असेल तर त्याला गाळू नका. बहुतेक विद्यार्थी गट नेमकं तेच करतात, कारण हिंदीत बोलायचा कंटाळा येतो. मग भागभर त्याच्याविषयी चर्चा होते आणि तो कुठेच ऐकू येत नाही.

पहिला फोन लहान ठेवा. आपण कोण, विषय काय, किती वेळ लागेल, कुठे ऐकवणार, आणखी कुणाशी बोलणार. शेवटची गोष्ट लपवू नका. समोर कोण बोलणार आहे हे पाहुण्याला प्रसिद्ध झाल्यावर कळलं, तर त्याला फसवल्यासारखं वाटतं आणि त्यात त्याची चूक नसते. वयाने मोठ्या माणसाला काका, मावशी, किंवा नावापुढे बाब, बाय जोडून बोलावं. कोंकणी बोलणारी व्यक्ती तुम्हाला आणि एकमेकांना 'तूं' म्हणेल. मराठी कानाला तो खटकला तरी त्यात अनादर नसतो, आणि म्हणून तुम्ही 'तुम्ही' सोडायचंही कारण नाही.

संमती कागदावर घ्या

एक पान पुरे. त्यावर विषय, प्रसिद्धीची जागा, नाव कसं सांगायचं (पूर्ण, नुसतं पहिलं, की नावच नको), फोटो चालेल का, आणि कोणत्या तारखेपर्यंत 'माझं बोलणं काढा' म्हणता येईल, एवढं असावं. ही तारीख प्रसिद्धीच्या तीन दिवस आधीची ठेवा. लिहितावाचता येत नसेल तर तोच मजकूर मोठ्याने वाचून दाखवा आणि होकार रेकॉर्ड करा. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी पालकांची सही हवी, आणि शिवाय त्या मुलाचा स्वतःचा होकार. आई हो म्हणाली आणि मुलगी खाली मान घालून बसली, तर तो नकार समजा.

काही ठिकाणी ही नेहमीची संमती पुरत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करायला २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम २३ मनाई करतं. मोठ्या व्यक्तीच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे. 'धारबांदोड्याची, दहावीतली, वडिलांचं गॅरेज' एवढ्यावर गोव्यात घर सापडतं. तालुका, इयत्ता, व्यवसाय, यांतलं काहीच नको.

नाव लपवायचं असलं की पोरं लगेच आवाज जाड-बारीक करायचं बटण शोधतात. त्याने काही लपत नाही. माणूस बोलण्याच्या लकबीवरून, हेलावरून, 'मगो'सारख्या एखाद्या सवयीच्या शब्दावरून ओळखू येतो. त्यापेक्षा बोलणं लिहून घ्या, त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि गटातल्या कुणीतरी ते साध्या आवाजात वाचा. आधी एक वाक्य जोडा: 'हे शब्द त्यांचे आहेत, आवाज आमचा.'

शब्द कोणते नकोत

'घाटी' नको. घाटापलीकडून आलेल्या माणसाला हा शब्द लागतो, आणि गप्पांत सगळे वापरतात म्हणून माईकवर तो सौम्य होत नाही. 'भायले' (बाहेरचे), 'खरे गोंयकार' हे शब्द पाहुण्याच्या तोंडी आले तर राहू द्या, सूत्रसंचालकाच्या तोंडी नको. तुम्ही वापरलात की तुम्ही बाजू घेतली. 'कामवाली', 'आया' यांऐवजी त्या बाईंचं नाव घ्या, आणि काम सांगायचं तर 'घरकाम करतात' म्हणा. गावडा, कुणबी, वेळीप या समाजांचा अनुसूचित जमातींत समावेश २००३ साली झाला. त्यांच्याविषयी बोलताना समाजाचं नाव घ्यायचं का आणि कोणतं घ्यायचं, हे त्याच माणसाला विचारा. 'मागासलेले' हा शब्द तर वहीतूनच खोडून टाका.

पाहुणा मराठी प्रश्नाला कोंकणीत उत्तर देत असेल तर तसंच ठेवा. गोव्यातल्या ऐकणाऱ्याला कळतं. बाहेरच्यांसाठी उत्तरानंतर एका वाक्यात सार सांगा. मासे विकणाऱ्या बाईंच्या कोंकणीवर एखाद्या विद्यार्थ्याचा पुस्तकी मराठी आवाज चढवला, की त्या बाईंच्या बोलण्यातलं मीठच जातं.

प्रश्न लिहिण्याची कसरत

एका पाहुण्याला आठ प्रश्न, त्यांतले पाच विचारायचे असं धरून चाला. पहिला मसुदा सगळ्यांचा असा असतो:

'या क्लबवाल्यांनी गावाची झोप उडवली आहे, असं तुम्हाला वाटत नाही का?'

ह्यात उत्तर आधीच भरलेलं आहे. पाहुणा 'हो' म्हणेल आणि गप्प बसेल. शिवाय 'क्लबवाले' या एका शब्दात मालक, डीजे, वेटर आणि राखणदार सगळे कोंबले गेले. तोच प्रश्न असा करा:

'शनिवारी रात्री अकराला तुमच्या घरात काय ऐकू येतं? कुठल्या खोलीत जास्त?'

आता उत्तरात खिडकीची काच थरथरते, आजींची खाट मागच्या खोलीत हलवलेली असते, बारावीच्या मुलाने कानात कापूस घातलेला असतो. मत विचारलं नाही तरी ते कळलं. कामगाराला 'गावाला त्रास देऊन पैसे कमावताना कसं वाटतं?' असं विचारायचा मोह होतो. त्याला विचारा: 'आवाज किती ठेवायचा हे तुमच्याकडे कोण ठरवतं? तुमची पाळी किती वाजता सुटते, आणि मग घरी कसे जाता?' त्याच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे त्यातून आपोआप बाहेर येतं.

'का' ने सुरू होणारा प्रश्न जाब विचारल्यासारखा वाटतो, कधी उलटतपासणीसारखा. शक्य तिथे 'कसं', 'केव्हापासून', 'मग काय झालं' वापरा. आणि एका प्रश्नात एकच प्रश्न. 'तुमचं मत काय आणि सरकारने काय करावं?' याला नेहमी दुसऱ्या अर्ध्याचंच उत्तर मिळतं.

रेकॉर्डिंग

दोन फोन आणि वायरचे दोन कॉलरमाईक एवढ्यावर सुरुवात करा. दोन्ही माईक मिळून हजार-दीड हजार रुपयांच्या आत येतात. प्रत्येक माणसाला स्वतःचा फोन, स्वतःचा माईक, वेगळी फाइल. एकाच फोनवर दोघांचं घेतलं तर खोकला एकाचा आणि वाक्य दुसऱ्याचं असं चिकटून बसतं, कापता येत नाही. सुरू केल्यावर एकदा जोरात टाळी वाजवा. नंतर दोन फाइली जुळवताना ती टाळीची टोकं एकावर एक ठेवायची. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन येऊन रेकॉर्डिंग तुटतं.

फॉरमॅट वेव्ह, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो (एकाच वाहिनीचा आवाज). तासाला साधारण ३२० एमबी लागतात, तेव्हा आधी फोनमधली जागा बघा. कॉलरमाईक हनुवटीपासून वीतभर खाली, साडीचा पदर किंवा आयकार्डची दोरी त्यावर घासणार नाही असा. हातातला किंवा टेबलावरचा माईक असेल तर तोंडापासून चार ते सहा इंच, आणि तोंडासमोर नको, थोडा तिरका. मराठी-कोंकणीत प, फ, भ भरपूर. 'फोंडा', 'भाट', 'पंचायत' म्हणताना हवेचा झोत सरळ माईकवर आदळला की 'भप्' असा ठोका बसतो आणि तो नंतर नीट निघत नाही. आवाजाची पातळी पाहता येत असेल तर बोलताना टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. शून्याला टेकलं की आवाज फाटला, फाटलेला शिवता येत नाही.

जागा हा यंत्रांपेक्षा मोठा प्रश्न. रिकामा वर्ग सगळ्यात वाईट, कारण चार उघड्या भिंती आणि लादी. ग्रंथालयातला मागचा कोपरा चांगला, पुस्तकं घुमणं शोषतात. पाहुण्याच्या घरी असाल तर बैठकीच्या खोलीपेक्षा गाद्या-कपड्यांची खोली बघा. पंखा बंद, फ्रिजच्या खोलीत बसू नका. लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बारीक 'हंऽऽ' आवाज बहुतेक वेळा चार्जरचा असतो.

गोव्याचं वेळापत्रकही सांभाळावं लागतं. सकाळी सहा ते साडेसात आणि संध्याकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा, नंतर मासेवाल्याचा. जून ते सप्टेंबर पत्र्याखाली रेकॉर्डिंगचा विचारच नको. कौलांखाली रिमझिम निभावते, मुसळधार नाही. स्लॅबची खोली शोधा. पावसाळ्यात माईक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, दमटपणाने जोडण्या गंजतात.

सगळे बसल्यावर, बोलणं सुरू होण्याआधी, ३० सेकंद गप्प बसून त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करा. कापलेल्या दोन वाक्यांमध्ये ती भरायची असते. विसरलात तर प्रत्येक जोड कानाला टोचतो.

बोलणं तापलं तर

सूत्रसंचालकाने मान डोलवावी, 'हं', 'बरोबर', 'अगदी' म्हणू नये. 'बरोबर' म्हणजे सहमती, आणि दर वाक्याला आलेला 'हं' नंतर काढता काढता जीव जातो. गटात दोन खुणा ठरवून ठेवा. पेन आडवं म्हणजे 'हे तपासायचं आहे', वही मिटली म्हणजे 'थांबूया'.

पाहुण्याने एखाद्या समाजावर सरसकट काही बोललं, तर वाद घालू नका आणि हसूनही सोडू नका. विचारा: 'हे तुमच्या बाबतीत कधी झालं, सांगाल?' सरसकट विधान बहुतेक वेळा एका प्रसंगावर येऊन थांबतं, आणि तो प्रसंग ऐकण्यासारखा असतो. पाहुणा रडू लागला तर रेकॉर्डिंग थांबवा, पाणी द्या. पुढे चालू ठेवायचं का हे त्यांनी ठरवायचं. रडण्याचा तुकडा भागाच्या जाहिरातीत वापरणं हा हलकटपणा आहे, दुसरा शब्द नाही.

नाव घेऊन आरोप झाला, म्हणजे अमुक पंचाने पैसे खाल्ले वगैरे, तर पेन आडवं करा. कागद नसेल आणि ज्यावर आरोप आहे त्याला विचारून त्याचं म्हणणं घेतलेलं नसेल, तर ते प्रसिद्ध होणार नाही. 'पाहुणा बोलला, आम्ही नाही' ही सबब अब्रूनुकसानीत तुम्हाला वाचवत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते.

वयस्क माणसं सालं चुकवतात. आजोबा म्हणाले, 'जनमत कौल झाला आणि गोवा राज्य झालं.' कौल १६ जानेवारी १९६७ चा, घटकराज्याचा दर्जा ३० मे १९८७ चा, मध्ये वीस वर्षं. तिथल्या तिथे त्यांना टोकू नका. त्यांचं वाक्य ठेवा आणि निवेदनात शांतपणे दोन्ही तारखा सांगा.

कापताना

इथे सगळ्यात जास्त अन्याय होतो आणि तो कुणाला दिसत नाही. समजा, ट्रकमालक म्हणाले:

'मायनिंग बंद पडली आणि माझे दोन ट्रक अंगणात गंजले, हप्ते थकले, पण खरं सांगू, आमच्या तळीचं पाणी इतकं निवळ मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.'

'पण'च्या आधी कापलं तर ते खाणींचे समर्थक झाले. 'पण'च्या नंतरचं एकटं ठेवलं तर ते पर्यावरणवादी झाले. दोन्ही खोटं. त्या माणसाच्या पोटात दोन्ही गोष्टी आहेत, आणि तुमचा भाग करण्यासारखा आहे तो नेमका त्यामुळे. म्हणून नियम असा: 'पण', 'तरी', 'मात्र' यांच्या दोन्ही बाजू एकत्र जातील किंवा एकत्र निघतील. दुसरा नियम, एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवायचं नाही. तिसरा, उत्तराआधीची लांब शांतता सरसकट काढायची नाही. 'तुम्हाला पुन्हा खाण हवी?' या प्रश्नानंतरचे चार सेकंद हे उत्तरच आहे. अं-अं, घसा खाकरणं, अडखळणं हे काढा, पाहुण्याचंही आणि स्वतःचंही सारख्याच उदारपणे. स्वतःचं बोलणं गुळगुळीत आणि पाहुण्याचं अडखळतं ठेवलं तर ऐकणारा कोणाला शहाणा समजणार हे उघड आहे.

कामाचा क्रम. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरतं. मूळ फाइलीची प्रत काढा, मूळला हात लावू नका. पूर्ण ऐकून वेळेसकट टिपणं करा, '१२:४० हप्ते, तळी, ठेवा' अशी. मग खोलीच्या शांततेतले दोन-तीन सेकंद निवडून नॉइज रिडक्शनला नमुना द्या आणि पूर्ण फाइलवर ६ ते ९ डेसिबल एवढंच लावा. वीस लावलं की माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटतं. हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झवर, म्हणजे लांबच्या ट्रकची घरघर जाते. मग कापाकापी. शेवटी हलका कॉम्प्रेसर (मोठ्या आणि लहान आवाजातलं अंतर कमी करणारा), २:१ ते ३:१, आणि लाउडनेस नॉर्मलायझेशन उणे १६ एलयूएफएसवर (कानाला आवाज किती मोठा वाटतो याचं माप), मोनो असेल तर 'मोनोला ड्युअल-मोनो धरा' ही चौकट चालू ठेवून. या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेला आकडा उणे २३ असतो, तो तसाच ठेवला तर बसमध्ये ऐकणाऱ्याला काही ऐकू येत नाही. त्यावर लिमिटर (आवाजाची टोकं अडवणारा) उणे १ डेसिबल. एमपीथ्री, मोनो, ९६ केबीपीएस. वीस मिनिटांची फाइल साडेचौदा एमबीच्या आसपास येते.

नवख्या हाताला तासाभराचं बोलणं वीस मिनिटांवर आणायला सहा-आठ तास जातात. परीक्षेच्या आठवड्यात हे धरू नका.

संगीतासाठी सिनेमातलं गाणं नको. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' हा समज कायद्यात कुठेही नाही. कॉलेजात घुमट वाजवणारं कुणी असतंच, त्याच्याकडून दहा सेकंद रेकॉर्ड करून घ्या आणि वर्णनात त्याचं नाव द्या.

प्रसिद्ध करताना आणि त्यानंतर

स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्सवर फुकट ठेवता येतं. तिथून मिळणारी आरएसएस फीड (नवे भाग आपोआप पोचवणारा दुवा) इतर अॅपना द्यायची. जुन्या मार्गदर्शक व्हिडिओंत गूगल पॉडकास्ट्स सांगतात, ते २०२४ साली बंद झालं. मुखचित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. फीडमध्ये टाकलेला ईमेल जगाला दिसू शकतो, तेव्हा गटासाठी वेगळा पत्ता काढा, कुणा मुलीचा स्वतःचा पत्ता तिथे नको.

मथळ्यात प्रश्नचिन्ह आणि 'धक्कादायक' नको. 'रात्री दहानंतर: एका वाड्यातले तीन आवाज' असं साधं ठेवा. वर्णनात तीन-चार ओळी, वापरलेले कायदे व तारखा, आणि कुणी बोलायला नकार दिला असेल तर तेही: 'पंचायतीशी दोनदा संपर्क केला, प्रतिक्रिया मिळाली नाही.' दोनदा केला असेल तरच.

प्रत्येक पाहुण्याला त्याचा तुकडा आधी ऐकवा. नाव, साल, आकडा चुकला असेल तर दुरुस्त करा. 'मी इतकं कडक बोललो नव्हतो' असं आलं तर मूळ फाइल दोघांनी मिळून ऐका. बोलले असतील आणि संमतीची तारीख उलटलेली नसेल, तर त्यांना काढायचं असल्यास काढा. पूर्ण भागाची मंजुरी मात्र कुणा एका पाहुण्याला देऊ नका, नाहीतर उरलेल्या दोघांचं बोलणं तो ठरवू लागेल.

प्रसिद्ध झाल्यावर चूक निघाली तर गुपचूप फाइल बदलू नका. सुरुवातीला दहा सेकंदांची दुरुस्ती जोडा, तारखेसह, आणि वर्णनातही लिहा. मूळ रेकॉर्डिंग सहा महिने ठेवा, एका हार्ड डिस्कवर आणि एका ठिकाणी ऑनलाइन, फाइलीचं नाव तारीख-विषय-पाहुणा क्रमांक असं, पाहुण्याच्या नावाशिवाय. ज्याने संमती मागे घेतली त्याची फाइल त्याच दिवशी पुसायची: लॅपटॉपवरून, रेकॉर्ड केलेल्या फोनवरून, आणि गटाच्या वॉट्सअॅपवरून, जिथे ती 'जरा ऐका रे' म्हणून कुणीतरी टाकलेली असतेच.